न बोलणाऱ्या बाळाला विचारायचं कसं?

ज्याला अजून एक शब्दही बोलता येत नाही, त्याला भाषेतलं काय कळतं हे शोधायचं कसं? 1971 साली पीटर आयमस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यासाठी चोखणी वापरली. बाळाने ती जोरात चोखली की त्याला एक आवाज ऐकू यायचा. आवाज नवा असताना बाळ भराभर चोखायचं, तोच तो ऐकून कंटाळलं की चोखणं मंदावायचं. अशा वेळी ‘बा’च्या जागी ‘पा’ ऐकवला आणि चोखण्याचा वेग पुन्हा वाढला! फरक कळल्याचं बाळानेच सांगितलं. ही बाळं होती 1 आणि 4 महिन्यांची.

जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांचा 1984 चा प्रयोग मला त्याहून विलक्षण वाटतो. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या बाळांना त्यांनी हिंदीतले ‘त’ आणि ‘ट’ ऐकवले. 6 ते 8 महिन्यांच्या बहुतेक बाळांनी ते वेगळे ओळखले. 10 ते 12 महिन्यांच्या बाळांमध्ये मात्र हे फार थोड्यांना जमलं. घरच्या भाषेत जो फरक लागत नाही, त्याकडे कान वर्षाच्या आतच दुर्लक्ष करू लागतात.

हे सगळं कुणी न शिकवता घडतं, म्हणून ते अडलं तर पटकन लक्षात येत नाही. ऐकू नीट येतं, मेंदूला इजा नाही, ऑटिझम नाही, तरीही भाषा वयाप्रमाणे येत नाही आणि रोजचं बोलणं, शिकणं अवघड जातं, अशी मुलं असतात. या अडचणीला आता ‘डेव्हलपमेंटल लँग्वेज डिसऑर्डर’ म्हणतात. डोरोथी बिशप यांच्या पुढाकाराने तज्ज्ञांनी 2017 मध्ये या नावावर एकमत केलं. प्रमाण साधारण 7 टक्के, म्हणजे 30 मुलांच्या वर्गात दोघं. इतकी मुलं असूनही हा विकार फारसा कुणाला ठाऊक नाही, याची मला खरोखर खंत वाटते. लांबलचक सूचना अर्धीच कळलेलं मूल ‘लक्ष देत नाही’ म्हणून बोलणी खातं.

ते ओळखण्याची एक चाचणी अगदी साधी आहे. ‘टोमिरकडू’सारखा निरर्थक शब्द ऐकवायचा आणि तसाच म्हणायला सांगायचा. शब्द लांबत गेला की यातली बरीच मुलं अडखळतात, कारण ऐकलेले ध्वनी क्रमाने क्षणभर मनात धरून ठेवणं त्यांना जड जातं. इथे पाठ केलेलं कामी येत नाही, त्यामुळे घरी पुस्तकं किती आहेत याचा परिणामही कमी होतो. तरी एवढ्यावरून निदान करत नाहीत.

आणि इंग्रजीतली चाचणी भाषांतर करून चालत नाही. इंग्रजी मुलं क्रियापदांचे भूतकाळी प्रत्यय गाळतात, तर इटालियन मुलं कर्माच्या जागी येणारी छोटी सर्वनामं. मराठीत क्रियापद लिंग-वचनाप्रमाणे बदलतं, नामाचं सामान्यरूप होतं. आपली मुलं नेमकी कुठे अडतात, हे मराठी मुलांचं बोलणं नोंदवूनच शोधावं लागेल.

पालकांनी मात्र स्वतःला दोष देऊ नये. जुळ्यांच्या अभ्यासांतून आनुवंशिकतेचा मोठा वाटा दिसला आहे. घरात दोन भाषा असल्यामुळेही हा विकार होत नाही, फक्त अशा मुलाची तपासणी दोन्ही भाषांत करायला हवी. शंका आली तर आधी कान तपासून घ्यावेत आणि मग ‘बोलेल हळूहळू’ म्हणत वाट न पाहता स्पीच थेरपिस्टकडे जावं.