परकीय साहाय्य व मानवी कल्याण

विकसनशील देशांना परदेशी सरकारे व आंतरराष्ट्रीय संस्था यांच्याकडून मिळणारी अनुदाने, सवलतीची कर्जे, अन्नधान्य व तांत्रिक मदत यांचा तेथील लोकांच्या आयुर्मान, आरोग्य, पोषण व शिक्षण यांवर होणारा परिणाम. लष्करी मदत व बाजारभावाची कर्जे यांत धरीत नाहीत.

अशा साहाय्याचा आरंभ बहुधा अमेरिकेच्या मार्शल योजनेपासून (१९४८) किंवा अविकसित देशांना तांत्रिक मदत देण्याची घोषणा करणाऱ्या अमेरिकेचे अध्यक्ष हॅरी ट्रूमन यांच्या जानेवारी १९४९ मधील भाषणापासून मानतात. तथापि मार्शल योजना युद्धाने मोडलेल्या पण आधीच औद्योगिक झालेल्या युरोपसाठी होती. ब्रिटनने वसाहतींच्या विकासासाठी १९२९ मध्ये, तर ‘विकास व कल्याण’ यांसाठी १९४० मध्ये कायदा केला होता. कल्याणाचा स्पष्ट उल्लेख असल्याने प्रस्तुत विषयापुरता १९४० चा कायदा आरंभ म्हणून अधिक सयुक्तिक वाटतो, जरी त्यामागे साम्राज्याचे हितसंबंध होतेच. ‘सरकारी विकास साहाय्य’ ही संज्ञा १९६९ च्या सुमारास रूढ झाली. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९७० मध्ये सधन देशांसाठी राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के साहाय्याचे उद्दिष्ट ठेवले. ते मोजक्याच देशांनी गाठले.

मुख्य वाद परिणाम मोजण्याचा आहे. अर्थशास्त्रज्ञ पीटर बून यांना १९९६ मध्ये अर्भक मृत्युमान व प्राथमिक शिक्षण यांवर साहाय्याचा लक्षणीय परिणाम आढळला नाही; पैसा मुख्यतः सरकारी खर्चात मुरतो, असे त्यांचे म्हणणे होते. क्रेग बर्नसाइड व डेव्हिड डॉलर या अर्थशास्त्रज्ञांनी २००० मध्ये चांगली आर्थिक धोरणे असतील तेथे साहाय्याने आर्थिक वृद्धी होते, असे मांडले. परंतु विल्यम ईस्टर्ली व सहकाऱ्यांनी अधिक वर्षांची व देशांची आकडेवारी घेताच तो संबंध टिकला नाही. शिवाय बर्नसाइड-डॉलर यांचा विषय वृद्धी हा होता, कल्याण नव्हे. दोहोंची गल्लत या वादात वारंवार होते. दुसरी अडचण कार्यकारणाची आहे. मदत संकटातील देशांकडे अधिक जाते, म्हणून मदत व मृत्यू दोन्ही जास्त दिसले तरी एकाने दुसरे घडले असे ठरत नाही. तिसरी अडचण पैशाच्या अदलाबदलीची : दवाखान्यांसाठी परकीय पैसा आला की सरकार स्वतःचा पैसा तेथून काढून अन्यत्र वळवू शकते. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातील २०१० च्या एका अभ्यासाने सरकारांच्या स्वतःच्या आरोग्यखर्चातील अशी घट मोठी दाखवली. मात्र नंतरच्या फेरतपासणीत काही टोकाची निरीक्षणे वगळल्यावर तो निष्कर्ष डळमळला.

प्राची मिश्रा व डेव्हिड न्यूहाउस या अर्थशास्त्रज्ञांना २००९ मध्ये दरडोई आरोग्य-साहाय्य दुप्पट होण्याशी अर्भक मृत्युमानातील सुमारे २ टक्के घट निगडित आढळली. एकूण साहाय्याचा मात्र तसा परिणाम दिसला नाही. साहाय्याचे सर्व प्रकार एकत्र मोजण्यापेक्षा हेतूनुसार वेगळे मोजणारी ही पद्धत अधिक ग्राह्य आहे. दोन टक्के हा आकडा लहान भासतो, पण तो जगलेल्या बालकांचा आहे.

विशिष्ट रोगांविरुद्धच्या मोहिमांचा पुरावा याहून बळकट आहे. देवीचा नैसर्गिक संसर्गाचा अखेरचा रुग्ण १९७७ मध्ये सोमालियात आढळला व १९८० मध्ये निर्मूलन जाहीर झाले. या मोहिमेत देणगीदारांच्या पैशाइतकाच स्थानिक लसटोचकांच्या पायपिटीचा वाटा होता. पश्चिम आफ्रिकेतील नदीकाठच्या अंधत्वाविरुद्धची (काळ्या माशीच्या चाव्यातून पसरणाऱ्या कृमिरोगाविरुद्धची) मोहीम १९७४ ते २००२ अशी चालली. काळ्या माशीच्या अळ्यांवर फवारणी व १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून आयव्हरमेक्टिन या कृमिनाशक औषधाचे वाटप यांमुळे ओसाड पडलेली सुपीक खोरी पुन्हा वसली. एचआयव्हीवरील औषधे गरीब देशांत पोहोचण्यात एड्स, क्षय व हिवताप यांविरुद्धचा २००२ चा जागतिक निधी व एड्सविरुद्धचा २००३ चा अमेरिकी कार्यक्रम यांचा वाटा मोठा आहे.

शिक्षणात पटसंख्या वाढल्याचे दिसते; मुले किती शिकली याचा पुरावा तुटपुंजा आहे. देणाऱ्या देशाकडूनच माल घेण्याची अट असलेल्या ‘बद्ध’ साहाय्यात तोच माल साधारण १५ ते ३० टक्के महाग पडतो, असा अंदाज आहे; म्हणजे तेवढ्याच पैशात लोकांपर्यंत कमी पोहोचते.