माउंटमधून सुटायचं कसं (आपल्या ब्राझिलियन जिउ-जित्सू क्लासच्या सगळ्यांसाठी)

दर नव्या बॅचला हा प्रश्न येतोच आणि व्हॉट्सॲपवर तर रोज येतो, की सर, समोरचा छातीवर बसला (म्हणजेच माउंट) की काही सुचतच नाही, नुसती धडपड होते आणि मग टॅप, म्हणजे हाताने थोपटून हार. म्हणून एकदा नीट लिहून देतोय.

सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक एकच, हात सरळ करून वरच्याला ढकलणं. जिम करून आलेली मुलं तर हमखास करतात, बेंचप्रेसचा जोर असतो ना, वाटतं उचलून बाजूला टाकू. पण त्याचं अख्खं वजन तुमच्यावर आणि तुमच्याकडून लागतायत फक्त दंड आणि खांदे, कंबर आणि पाय नुसते पडून. थोड्या वेळात हात भरून येतात, आणि सरळ झालेला हात म्हणजे त्याला आयता आर्मबार (कोपर उलटं ताणायचा डाव), पाय तुमच्या डोक्यावरून फिरवला की संपलं. तेव्हा कोपरं बरगड्यांना चिकटवा. तिथे फट राहिली तर त्याचा गुडघा आत शिरतो, काखेपर्यंत वर सरकतो, आणि मग सुटणं फार जड जातं.

कुस्तीतून आलेल्यांची सवय वेगळी. बडोद्यात तालमीचं वळण जुनं, प्रो. माणिकरावांचं जुम्मादादा व्यायाम मंदिर कोणाला माहीत नाही! पण कुस्तीत पाठ टेकली की चितपट, म्हणून ही मुलं पटकन पोटावर वळतात. इथे पाठ टेकली म्हणून कोणी हरत नाही, पाठ दिली की मात्र मागून गळा आवळला जातो. आयबीजेजेएफच्या (या खेळाची आंतरराष्ट्रीय संघटना) नियमात माउंटचे 4 पॉइंट आणि पाठीमागून दोन्ही पाय आत अडकवले तर त्याचेही 4, म्हणजे पोटावर वळून काहीच सुटत नाही.

आता सुटायचं कसं. त्याचा एक हात धरा, त्याच बाजूचा त्याचा पाय आपल्या पायाने अडकवा, टाचा ढुंगणाजवळ घ्या आणि ब्रिज मारा, म्हणजे कंबर जोरात उचला, पण सरळ वर नाही, त्याच बाजूच्या खांद्यावरून तिरका. हात आणि पाय दोन्ही अडकलेले असतील तरच तो उलटतो, नाहीतर हात टेकून वाचतो. टेकू दे. त्याचं वजन पुढे गेलं की त्याच्या गुडघ्याखाली जागा होते, तेवढ्यात कुशीवर व्हा, कोपराने त्याचा गुडघा खाली रेटा, कंबर मागे काढा आणि आपला गुडघा आत ओढा. निदान हाफ गार्ड (त्याचा एक पाय आपल्या दोन पायांत अडकवलेला) तरी मिळतोच. त्याने दोन्ही पाय आतून गुंडाळले असतील तर आधी ते सोडवा, तोवर ब्रिज लागत नाही.

काही जण म्हणतात, महिना झाला तरी सर खालीच झोपवतात, दुसरीकडे पहिल्याच आठवड्यात आर्मबार शिकवतात. हो, आम्ही नव्यांचे राउंड माउंटखालूनच सुरू करतो आणि वरच्याला फक्त टिकून बसायचं, सबमिशन, म्हणजे टॅप करायला लावणारे डाव, बंद. माउंटमधून सुटल्याचा स्पर्धेत एकही पॉइंट मिळत नाही हे खरं, पण खाली सापडण्याची भीती असलेला मुलगा वरूनही मोकळा खेळत नाही, हे आम्ही रोज मॅटवर बघतो. म्हणून ही पद्धत बदलणार नाही.

फक्त एवढ्यासाठी प्रायव्हेट सेशन घेऊ नका, बॅचमध्येच जमेल. वजन फार कमी असेल, मानेचा किंवा कमरेचा जुना त्रास असेल किंवा स्पर्धा जवळ असेल तर जरूर घ्या, आधी सांगितलंत तर तुमच्याच वजनाचा पार्टनर बोलावून ठेवतो. शनिवारचा ओपन मॅट (मोकळा सराव) मेंबरना फ्री आहे, मित्राला आणलंत तर त्याचाही पहिला दिवस फ्री. नखं कापून या, अंगठी-कडं घरी ठेवा. नवरात्रात गरब्यामुळे संध्याकाळची बॅच सकाळी होईल, वेळ ग्रुपवर टाकतो.