अन्ननलिकेचा कर्करोग : शस्त्रक्रियेपूर्वीची केमो आणि रेडिएशन

अन्ननलिकेतली गाठ आधी आकसवून मग कापून काढण्याची उपचारपद्धती. केमो आणि रेडिएशन (इंदूरच्या मराठी घरांत हिंदीच्या वळणाने 'सिकाई') एकाच वेळी चालतात. गाठ अन्ननलिकेच्या भिंतीत खोल गेली आहे किंवा शेजारच्या लसिकाग्रंथींत पोचली आहे, पण यकृत-फुफ्फुसांत पसरलेली नाही, अशा रुग्णासाठी ही पद्धत आहे. अन्ननलिकेच्या मानेतल्या भागातल्या गाठीला बहुधा शस्त्रक्रिया टाळून केमोसह रेडिएशनचा पूर्ण डोस देतात.

प्रचलित वेळापत्रक नेदरलँड्समधल्या 'क्रॉस' चाचणीचे (निकाल २०१२). १.८ ग्रेच्या (ग्रे हे किरणमात्रेचे एकक) २३ बैठका, एकूण ४१.४ ग्रे, आठवड्याला पाच, शेवटच्या आठवड्यात तीन. दर आठवड्याला एकदा, असे पाच वेळा पॅक्लिटॅक्सेल (शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला ५० मिलिग्रॅम) आणि मागोमाग कार्बोप्लॅटिन, ही केमोची औषधे. कार्बोप्लॅटिनचा डोस मूत्रपिंडाच्या क्षमतेवर ठरतो : गाळणदर मिनिटाला ८० मिलिलिटर असेल तर २ (या वेळापत्रकातला ठरलेला गुणक) × (८० + २५), म्हणजे २१० मिलिग्रॅम. पॅक्लिटॅक्सेल पेशींना विभाजनाच्या उंबरठ्यावर अडकवते आणि नेमक्या त्याच अवस्थेत किरणांचा मारा जास्त परिणामकारक ठरतो.

चाचणीत आयुष्याचा मध्यांक नुसत्या शस्त्रक्रियेच्या २४ महिन्यांवरून ४९.४ महिन्यांवर गेला. शस्त्रक्रियेत काढलेल्या भागात कर्करोगाची एकही पेशी न सापडण्याचे प्रमाण स्क्वॅमस प्रकारात (अस्तराच्या चपट्या पेशींचा कर्करोग) ४९ टक्के, ॲडिनोकार्सिनोमात (ग्रंथीपेशींचा कर्करोग) २३ टक्के होते. भारतात स्क्वॅमसच अधिक. ॲडिनोकार्सिनोमात मात्र २०२४ च्या 'एसोपेक' चाचणीत शस्त्रक्रियेच्या आगेमागे दिलेली 'फ्लॉट' ही चार औषधांची केमो सरस ठरली.

उपचार फसतो तो बहुधा पोषणात. आधीच पोहे उतरेनासे झालेले असतात. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास रेडिएशनने अन्ननलिका आतून सोलवटते आणि गिळणे आणखी दुखते. तेव्हा शेव, जिरावन (पोह्यांवरचा इंदुरी मसाला), लिंबू बंद. मऊ भात-वरण, तूप घातलेली पातळ खिचडी, शिरा, अंड्याचे कस्टर्ड थोडे थोडे, दिवसातून सात-आठ वेळा. वजन दर आठवड्याला एकाच काट्यावर करावे. तेवढ्याने भागले नाही तर नाकातून अन्न देण्याची नळी, नाहीतर लहान आतड्यात. पोटावरून थेट जठरात नळी घालणे शक्यतो टाळतात, कारण पुढे त्याच जठराची नवी अन्ननलिका करायची असते. तिथली रक्तवाहिनी दुखावली तर तो बेतच बिघडतो.

दुसरे दुखणे खाड्यांचे. मध्ये खंड पडला की उरलेल्या पेशी जोमाने वाढतात. इंदुरात रंगपंचमीच्या गेरीला (रंगांच्या मिरवणुकीला) राजवाड्याकडचे रस्ते बंद असतात; त्या आठवड्याच्या वेळा केंद्राकडून आधीच ठरवून घ्याव्यात. किरणांची जागा दाखवणाऱ्या छातीवरच्या शाईच्या खुणा घासून काढू नयेत. ताप १००.४ फॅरनहाइटला पोचला तर घरी क्रोसिन देऊन वाट पाहू नये. पांढऱ्या पेशी घटलेल्या असू शकतात, त्याच दिवशी रक्त तपासावे.

शेवटच्या बैठकीनंतर साधारण सहा ते आठ आठवड्यांनी, पुन्हा स्कॅन करून, शस्त्रक्रिया होते. या काळात गिळणे सुधारते आणि 'आता ऑपरेशन कशाला' असे घरात सुरू होते. गिळता येणे म्हणजे गाठ गेली असे नव्हे. दुर्बिणीने काही दिसले नाही तरी भिंतीच्या आत पेशी उरलेल्या असू शकतात.