बाळाच्या रक्ताचे थेंब आणि खुनाचा तपास

स्वीडनमध्ये १९७५ पासून जन्मलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या रक्ताचे कागदावर वाळलेले थेंब एका बायोबँकेत, म्हणजे जैविक नमुन्यांच्या संग्रहात, जपून ठेवले आहेत. फिनाइलकीटोन्यूरिया, म्हणजेच पीकेयू, या आनुवंशिक विकारात एक अमिनो आम्ल शरीरात साचत जातं आणि मेंदूला कायमची इजा होते. जन्मानंतर लगेच निदान करून पथ्य सुरू केलं, तर हे टळतं. म्हणून प्रत्येक बाळाचं रक्त तपासायचं आणि उरलेला कागद पुढच्या संशोधनासाठी ठेवायचा, अशी ही व्यवस्था. तिला कोण हरकत घेणार?

१० सप्टेंबर २००३ रोजी परराष्ट्रमंत्री अ‍ॅना लिंड यांच्यावर स्टॉकहोममधल्या एका मोठ्या दुकानात चाकूहल्ला झाला. दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. संशयिताचा जन्म १९७८ चा, त्यामुळे त्याचाही नमुना संग्रहात होता. घटनेतल्या पुराव्यावरच्या डीएनएशी ताडून पाहण्यासाठी पोलिसांनी तो मागितला आणि त्यांना तो मिळालाही.

खरं तर त्याच वर्षी जानेवारीत स्वीडनचा बायोबँक कायदा लागू झाला होता. नमुने कशासाठी वापरता येतील हे त्यात ठरवून दिलं होतं आणि गुन्ह्याचा तपास त्यात बसत नव्हता. पण तपासासाठी वस्तू जप्त करण्याचा पोलिसांचा अधिकार वेगळ्या कायद्यातला. तो नव्या कायद्याने काढून घेतला नव्हता.

पुढच्याच वर्षी हिंदी महासागरात त्सुनामी आली. त्यात ५०० हून अधिक स्वीडिश पर्यटक दगावले. मृतदेहांची ओळख पटवायला हाच संग्रह वापरायचा ठरलं, पण या वेळी संसदेने कायद्यात ठरावीक मुदतीची दुरुस्ती केली. खुनी सापडणं आणि मृतांना नाव मिळणं, दोन्ही गोष्टी चांगल्याच. तरी मला दुसरी वाट पटते. नमुन्याचा वापर बदलायचा तर तो चारचौघांत, चर्चा करून बदलावा.

अमेरिकेतल्या टेक्सासने ही चर्चा टाळली. नवजात बाळांचे नमुने पालकांना न विचारता संशोधनासाठी साठवले जात होते. २००९ मध्ये पालक कोर्टात गेले आणि तडजोडीत राज्याला ५० लाखांहून अधिक नमुने नष्ट करावे लागले. परवानगीचा एक कागद पुढे केला असता, तर बहुतेक आईबापांनी सही केली असती असं मला वाटतं.

आइसलँडमधला पेच आणखी नाजूक. तिथे १९९८ च्या कायद्याने सगळ्या देशाच्या वैद्यकीय नोंदी एका डेटाबेसमध्ये घालायचं ठरलं. ज्याला नको असेल त्याने तसं कळवायचं. पण मेलेला माणूस कसा कळवणार? एका मुलीने वारलेल्या वडिलांची माहिती द्यायला नकार दिला. त्यांच्या आनुवंशिक माहितीवरून आपल्याबद्दलही निष्कर्ष काढता येतील, हे तिचं म्हणणं २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं. हा निकाल मला फार मोलाचा वाटतो, कारण संमतीपत्रावर सही एकाची असते, पण जनुकं सगळ्या घराची असतात.

भारतात बायोबँकांसाठी संसदेने केलेला स्वतंत्र कायदा नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची, म्हणजेच आयसीएमआरची, २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. नमुन्याची मालकी देणाऱ्याची, बायोबँक केवळ विश्वस्त, असं ती सांगतात. हाच अभ्यास, याच प्रकारचे पुढचे अभ्यास की कुठलंही संशोधन, यातून निवडायची सोयही त्यांत आहे. जैववैद्यकीय संशोधन या तत्त्वांनुसारच व्हावं, असं २०१९ च्या औषधचाचणी नियमांत लिहिलं आहे. मात्र भारतीय नागरिक सुरक्षा संहिता या फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या कलम ९४ खाली न्यायालय किंवा पोलीस ठाण्याचा प्रमुख तपासासाठी लागणारी वस्तू हजर करायला सांगू शकतो. उद्या अशी नोटीस एखाद्या बायोबँकेच्या टेबलावर आली, तर मार्गदर्शक तत्त्वांची पुस्तिका दाखवून विश्वस्ताला ती परत पाठवता येईल का, याचं उत्तर आपल्याकडे कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही.