कमवा व शिका योजना

महाविद्यालयात शिकता शिकता तिथेच रोज दोन-तीन तास काम करून तासाच्या हिशेबाने मोबदला मिळवण्याची, विद्यापीठाच्या अनुदानावर चालणारी योजना. महाराष्ट्रातील अनेक विद्यापीठे ती आपापल्या नियमांनी राबवतात. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात तिचे पूर्ण नाव ‘कर्मवीर भाऊराव पाटील कमवा व शिका योजना’ असे आहे. विद्यार्थी मात्र ‘अर्न अँड लर्न’ म्हणून मोकळे होतात. शिष्यवृत्तीचे पैसे गुण, जात किंवा उत्पन्नाचे दाखले पाहून मिळतात. इथेही प्रवेशापुरती गरज पाहिली जाते, पण पुढे सगळे हजेरीवहीतल्या सहीवर ठरते.

नावातले कर्मवीर म्हणजे भाऊराव पाटील (१८८७–१९५९). त्यांनी १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी एकत्र वसतिगृह काढले. १९२७ मध्ये महात्मा गांधी तिथे आले आणि त्यांच्या हस्ते त्याचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस’ असे नामकरण झाले. स्वयंपाक, झाडलोट, शेतीची कामे मुलेच करत. हाताशी पैसा नव्हता हे त्याचे एक कारण. पण मुलाने फुकटचे खाऊन शिकू नये हा भाऊरावांचा हट्टही तितकाच खरा होता. वसतिगृहातल्या मुलांच्या तोंडी घास जावा म्हणून भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई पाटलांनी अंगावरचे दागिने मोडले, ही हकिकत साताऱ्याकडे आजही घरोघर सांगितली जाते. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे संस्थेचे बोधवाक्य त्यातूनच आले. १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा ‘कमवा आणि शिका’ हे तत्त्व उच्च शिक्षणात पोचले.

अनुदानावर विसंबण्यातला धोका भाऊरावांनी स्वतः भोगला होता. गांधीहत्येनंतरच्या काळात, १९४८ मध्ये, मुंबई सरकारची मर्जी फिरली आणि संस्थेचे अनुदान थांबले. लोकांनी वर्गणी काढून शाळा तगवल्या. पुढे अनुदान पुन्हा सुरू झाले. आजची योजना त्यांच्या नावाने चालते आणि अनुदानावर चालते, हा विरोधाभास नोंदवून ठेवण्यासारखा आहे. वसतिगृहातली मुले स्वतः खाणार ते पिकवत होती. आताचा विद्यार्थी विद्यापीठाच्या अर्थसंकल्पातल्या खर्चाच्या एका सदरातून मानधन घेतो.

हे सदर विद्यापीठाच्या विद्यार्थी विकास मंडळाकडे असते. १९९४ च्या विद्यापीठ कायद्यात त्याचे नाव विद्यार्थी कल्याण मंडळ होते; २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने ‘कल्याण’ जाऊन ‘विकास’ आला. महाविद्यालयात हे काम एका प्राध्यापकाकडे असते, त्यांना विद्यार्थी विकास अधिकारी म्हणतात. तपशील विद्यापीठागणिक बदलतात, पण रीत साधारण सारखीच. वर्षाच्या सुरुवातीला परिपत्रक निघते, महाविद्यालय प्रस्ताव पाठवते, विद्यापीठ विद्यार्थिसंख्या मंजूर करते. मग अर्ज, उत्पन्नाचा दाखला, पालकांचे संमतिपत्र, बँक खात्याची झेरॉक्स. महिनाअखेरीस तासांची बेरीज होऊन बिल बनते आणि रक्कम थेट खात्यात जमा होते. वर्षाच्या शेवटी लेखापरीक्षित खर्चाचे विवरण आणि उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला) दिल्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नाही.

कामे ढोबळमानाने तीन प्रकारची: कार्यालयीन, तांत्रिक आणि मैदानावरची. सर्वांत जास्त मागणी ग्रंथालयाला. दुपारी तास संपले की मुलगी काउंटरमागे येते, वहीत वेळ लिहून सही करते आणि परत आलेल्या पुस्तकांचा ढीग उचलते. पुस्तकाच्या पाठीवरच्या चिठ्ठीवर ८९१.४६ हा विषयाचा आकडा दिसला की मराठी साहित्याचे कपाट. दशांशानंतरचा एखादा आकडा चुकला तर पुस्तक असून नसल्यासारखे. चिठ्ठी सुटली असेल तर डिंक लावायचा, नवी चिकटवायची. दोन महिन्यांत तिला कोणत्या कपाटात काय आहे ते पाठ होते, आणि वर्गातली मुले ग्रंथपालांऐवजी तिलाच विचारू लागतात. बागेत पाणी घालणे, रोपवाटिका सांभाळणे ही कामे मुले कमी मागतात. प्रयोगशाळेतली मांडामांड आणि संगणकावर माहिती भरणे यांना पसंती असते.

योजनेचे दुखणेही त्याच वहीत आहे. काम मोजायचे तर तासच मोजावे लागतात, आणि तास लिहिणारा व तपासणारा दोघे एकाच आवारातले. त्यामुळे न केलेल्या तासांची नोंद होऊ शकते, आणि उलट प्रामाणिक मुलाचे तास कारकुनाच्या खासगी कामात जाऊ शकतात. मोबदला उशिरा येणे ही नेहमीची तक्रार: काम जुलैत सुरू झाले तरी मंजुरी यायला वेळ लागतो, आणि खानावळवाला काही मंजुरीपत्र पाहून थांबत नाही. काही महाविद्यालये आपल्या निधीतून उचल देतात, काहींकडे तेवढी ऐपत नसते. दरही किमान वेतनाशी जोडलेला नसून विद्यापीठ ठरवेल तो असतो.

१९६९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेशी तिची गल्लत केली जाते, पण तिथे श्रमाला मोबदला नाही. कल्पनेने जवळची आहे ती अमेरिकेतली १९६४ च्या कायद्याने आलेली केंद्रीय ‘वर्क-स्टडी’ योजना. तिथेही सरकार विद्यापीठाला निधी देते, विद्यापीठ गरजू विद्यार्थ्याला काम देते, आणि वेतनाचा काही वाटा सहसा काम देणाऱ्याने उचलायचा असतो. तिथे किमान वेतनाचा नियम मात्र लागू आहे.

मार्च जवळ आला की मंजूर रक्कम शिल्लक राहू नये म्हणून महाविद्यालयांत एकाएकी कामे निघतात: अडगळीच्या खोलीतली जुनी कपाटे, धूळ खात पडलेले नियतकालिकांचे गठ्ठे. नेमक्या त्याच वेळी परीक्षा तोंडावर आलेली मुले तास कमी करून मागत असतात.