रेडिसमधील दुरुस्त्यांची पार्श्वभूमी: मेमरी आणि रेप्लिकेशन

रेडिस या डेटाबेस सर्व्हरच्या प्रत्येक नव्या आवृत्तीसोबत दुरुस्त्यांची जी यादी येते, तिच्यात मेमरी आणि रेप्लिकेशन (डेटाची प्रत दुसऱ्या सर्व्हरवर सतत अद्ययावत ठेवणे) हे दोन शब्द सतत भेटतात. वरवर पाहता हे दोन स्वतंत्र विभाग वाटतात. परंतु मागील आवृत्त्यांचा इतिहास सलग वाचला, तर सर्वांत चिवट बग या दोहोंच्या सांध्यावरच निपजलेले आढळतात. जो डेटा क्षणोक्षणी बदलतो आहे, त्याची प्रत दुसऱ्या यंत्रावर पाठवायची असेल, तर प्रत पोहोचेपर्यंत झालेले बदल कोठे साठवायचे आणि एखादी नोंद संपली हे कोणी ठरवायचे, हे दोन प्रश्न त्या सांध्यावर पहिल्यापासून उभे आहेत.

सिसिलीतील प्रोग्रामर साल्वातोरे सानफिलिप्पो यांनी २००९ मध्ये रेडिस लिहायला घेतले. वेबसाइटवरील भेटींचे विश्लेषण त्याच क्षणी दाखवणारी त्यांची एक सेवा होती आणि तिचा भार डिस्कवर चालणाऱ्या डेटाबेसला पेलवत नव्हता. सगळा डेटा रॅममध्ये ठेवायचा आणि सी भाषेत मेमरीचा हिशेब स्वतः सांभाळायचा, हा मार्ग त्यांनी निवडला. २.० आवृत्तीत, २०१० मध्ये, क्वचित लागणारा डेटा डिस्कवर हलवण्याचा एक प्रयोग झाला. पण त्यामुळे सर्व्हर पुन्हा सुरू होण्यास आणि डेटा डिस्कवर उतरवण्यास फार वेळ लागू लागला, कोडही गुंतागुंतीचे झाले, आणि २.६ पर्यंत ती सोय काढून टाकण्यात आली. माझ्या मते रेडिसच्या इतिहासातील ही सर्वांत शहाणपणाची माघार होती.

मेमरीचा पुढचा त्रास सूक्ष्म होता. वेगवेगळ्या आकारांच्या नोंदी सतत येत-जात राहिल्या, की रिकाम्या झालेल्या जागांचे तुकडे विखुरलेले राहतात आणि डेटा कमी होऊनही प्रोसेसने अडवलेली रॅम कमी होत नाही. यावर उपाय म्हणून २.४ पासून लिनक्सवर जेमॅलॉक हा मेमरी वाटप करणारा घटक रेडिससोबतच देण्यात येऊ लागला. तोही निर्धोक नव्हता: २०१७ मध्ये ३.२.७ मध्ये त्याची नवी आवृत्ती घेतली गेली आणि तिच्यामुळे सर्व्हर जागच्या जागी अडकत असल्याच्या संशयावरून ३.२.८ मध्ये जुनी आवृत्ती परत आणावी लागली.

खरी कसोटी मात्र रेप्लिकेशनमध्ये लागली. मूळ डेटा सांभाळणारा सर्व्हर म्हणजे मास्टर आणि त्याची प्रत ठेवणारा म्हणजे रेप्लिका. नवी रेप्लिका जोडली गेली, की मास्टर फोर्क करून, म्हणजे स्वतःचीच नक्कल काढून, एक दुय्यम प्रोसेस निर्माण करतो. त्या क्षणी दोघांची मेमरी सामाईक असते, आणि मास्टर ज्या पानावर (मेमरीच्या ठरावीक आकाराच्या तुकड्यावर) लिहितो केवळ त्या पानाची वेगळी प्रत लिनक्स कर्नल, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, तयार करते. लेखन जोरात असेल, तर अशी पाने वाढत जाऊन वापर वाईटात वाईट परिस्थितीत दुपटीच्या जवळ जाऊ शकतो. कर्नलमध्ये मोठ्या पानांची स्वयंचलित सोय चालू असेल, तर चार किलोबाइटऐवजी दोन मेगाबाइटचे पान उचलले जाते आणि एका लहानशा बदलासाठीही तेवढी प्रत करावी लागते. ती सोय बंद ठेवण्याचा इशारा रेडिस सुरू होताना देते, तो यामुळेच.

दुय्यम प्रोसेस प्रत पाठवत असताना आलेली नवी लेखने मास्टर रेप्लिकेसाठीच्या बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठवणीत, जमा करतो. बफर अमर्याद वाढू दिला, तर मास्टरच कोसळेल, म्हणून २.६ मध्ये त्यावर मर्यादा आली. रेप्लिकेसाठी तिचे मूळ मूल्य २५६ मेगाबाइट, किंवा सलग ६० सेकंद ६४ मेगाबाइट, असे आहे. मर्यादा ओलांडली की जोडणी तुटते, रेप्लिका पुन्हा जोडणी करते, पुन्हा संपूर्ण प्रत मागते, पुन्हा फोर्क होतो, पुन्हा बफर भरतो. मेमरी वाचवण्यासाठी केलेल्या उपायातून रेप्लिकेशनचे हे चक्र जन्मले. नोव्हेंबर २०१३ मध्ये आलेल्या २.८ ने अंशतः समक्रमणाची सोय दिली: अलीकडच्या लेखनांची एक फिरती साठवण मास्टरकडे असते आणि रेप्लिका आपण कोठवर पोहोचलो तो क्रमांक सांगून केवळ राहिलेला भाग मागते. त्या साठवणीचे मूळ मूल्य मात्र एकच मेगाबाइट होते आणि व्यस्त सर्व्हरवर ती काही क्षणांत भरून तिच्यातील जुना भाग पुसला जात असे.

याहून भयंकर चक्र मेमरीच्या ठरवून दिलेल्या कमाल मर्यादेशी निगडित होते. मर्यादा भरली की, तसे धोरण निवडलेले असल्यास, मास्टर काही नोंदी काढून टाकतो, आणि काढलेल्या प्रत्येक नोंदीची कमांड रेप्लिकेच्या बफरमध्ये जाते. तो बफरही वापरलेल्या मेमरीत मोजला, तर तो फुगल्यामुळे आणखी नोंदी काढल्या जातील, त्यामुळे बफर आणखी फुगेल, आणि अखेर सगळा डेटाबेस रिकामा होईल. म्हणून या हिशेबातून रेप्लिकेचे बफर वजा करण्यात आले.

नोंद संपल्याचा निर्णय कोणाचा, हा दुसरा प्रश्न तितकाच लांबला. मुदत संपलेली नोंद रेप्लिकेने स्वतः पुसायची नाही, मास्टरच्या आदेशाची वाट पाहायची, हा नियम दोन्ही प्रती सारख्या राहाव्यात म्हणून होता, परंतु ३.२ पूर्वी त्यामुळे मुदत उलटून गेलेला डेटाही रेप्लिका वाचकाला देत असे. २०१६ मधील ३.२ पासून रेप्लिका स्वतःचे घड्याळ पाहून ‘नोंद नाही’ असे सांगू लागली, मात्र पुसण्याचा अधिकार मास्टरकडेच राहिला. लिहिण्याची मुभा असलेल्या रेप्लिकेवर थेट लिहिलेल्या नोंदींना तर असा मास्टरच नव्हता. मुदत संपूनही त्या ४.० पर्यंत मेमरी अडवून बसत.

त्याच ४.० मध्ये, २०१७ साली, मास्टर बदलल्यावरही अंशतः समक्रमण चालावे यासाठी रेप्लिकेशनचा ओळख-क्रमांक दुहेरी (सध्याचा आणि आधीच्या मास्टरचा) करण्यात आला. रचना उत्तम होती, पण तिच्यातील काही बगमुळे पुन्हा सुरू झालेल्या रेप्लिकेचा डेटा बिघडू शकत होता, आणि वर्षअखेरीस ४.०.३ ही तातडीची आवृत्ती काढावी लागली. दोष नेहमी कोडमध्येच असे, असेही नाही. कोसळण्याच्या अनेक तक्रारींच्या मुळाशी बिघडलेली रॅम निघाल्याने सानफिलिप्पो यांनी सर्व्हरमध्येच मेमरी तपासणीची सोय बसवली.

२०२२ मधील ७.० पर्यंत प्रत्येक रेप्लिकेसाठी तीच लेखने वेगवेगळ्या बफरमध्ये साठवली जात होती. त्या आवृत्तीत सर्व रेप्लिका आणि फिरती साठवण मिळून एकच सामाईक बफर वापरू लागल्या. मार्च २०२४ मध्ये रेडिसचा परवाना बदलल्यावर लिनक्स फाउंडेशनच्या आश्रयाने, रेडिसच्याच कोडवरून, वाल्की हा स्वतंत्र प्रकल्प निघाला. त्याच्या ८.० आवृत्तीत संपूर्ण प्रत आणि चालू लेखने दोन वेगळ्या जोडण्यांवरून एकाच वेळी पाठवता येतात. ही सोय चालू केली, तर वाट पाहणारी लेखने मुख्यतः मास्टरऐवजी रेप्लिकेच्या मेमरीत थांबतात.