रात्रीची जाग आणि यकृत

‘रात्री १ ते ३ मध्ये जाग येते? यकृत बिघडलंय!’ हा फॉरवर्ड आमच्या चाळीच्या ग्रुपवर अधूनमधून उगवतोच. पण जाग येण्याचं कारण बहुधा साधं असतं: झोप साधारण ९० मिनिटांच्या फेऱ्यांनी येते. फेरी संपताना सगळेच किंचित जागे होतात, फक्त सकाळी आठवत नाही. तेव्हा झोप उथळ असते; पंख्याची कुरकुर, शेवटच्या लोकलचा भोंगा एवढंही पुरतं.

पडताळायचंय? दोन आठवडे रोज सकाळी अंदाजाने वहीत लिहा: कधी झोपलो, कधी जाग आली, शेवटचा चहा कधी. (रात्री मोबाइलवर वेळ बघू नका, त्यानेच झोप उडते.) झोपायची वेळ तासभर पुढे ढकलली की बहुधा जागही सरकते; म्हणजे ती झोपेच्या फेरीमुळे येते, यकृताच्या ठरलेल्या वेळेमुळे नाही. यकृताची शंका असेल तर रक्ततपासणी करावी. घोरताना श्वास अडकत असेल, किंवा आठवड्यातून ३ रात्री अशी झोपमोड ३ महिने चालली, तर डॉक्टरांना दाखवाच.